फोन न ऐकताही जे कळतं

हर्णैच्या बंदरात संध्याकाळच्या लिलावाची वेळ झाली की किनाऱ्यावरचे फोन वाजू लागतात. सुवर्णदुर्गाच्या पलीकडून परतणारा तांडेल विचारतो, ‘आज पापलेटला काय भाव?’ अर्ध्या मिनिटाचं बोलणं. पण त्याच्या फोनचा आणि टॉवरचा संवाद त्याआधीच सुरू झालेला असतो.

टॉवरला फोनचं अंतर कळावंच लागतं. अनेक फोनचे संदेश एकमेकांवर आदळू नयेत म्हणून लांबच्या फोनला टॉवर सांगतो, तू जरा आधी पाठव. टू-जीमध्ये हे मोजमाप सुमारे ५५० मीटरच्या टप्प्यांनी होतं आणि टप्पे ६३च. म्हणून साधारण ३५ किलोमीटरपलीकडे, समुद्र कितीही मोकळा असला तरी, कॉल लागत नाही. फोर-जीमध्ये हाच टप्पा ७८ मीटरवर आला आहे. शिवाय टॉवरवर बहुधा तीन दिशांना तीन अँटेना असतात, त्यामुळे दिशाही समजते. यात हेरगिरी काही नाही. याशिवाय फोन चालणारच नाही.

प्रश्न आहे तो मागे उरणाऱ्या नोंदीचा. पोलीस जिला सीडीआर म्हणतात ती हीच: कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ, कुठल्या टॉवरखालून. डिसेंबर २०२१पासून आपल्याकडे कंपन्यांना ती किमान दोन वर्षं ठेवावी लागते.

‘बोलणं तर कोणी ऐकलं नाही, मग बिघडलं काय?’ असं मला गावात नेहमी विचारतात. समजा, एका बाईंचा फोन पहाटे हर्णैत आहे, सकाळी खेड स्टेशनजवळ आणि संध्याकाळी परळच्या टाटा हॉस्पिटलजवळच्या टॉवरखाली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा तीन आठवड्यांनी. त्या प्रत्येक वेळेच्या आदल्या रात्री भावाला लांबलचक फोन आणि पतपेढीला एक छोटा. वाडीत त्यांनी कोणालाच सांगितलेलं नाही. एक शब्दही न ऐकता आपल्याला मात्र सगळं कळलं. नोंदीवर नाव नसलं तरी फरक पडत नाही: १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदींवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठिकाण आणि वेळेचे फक्त चार बिंदू ९५ टक्के माणसांना गर्दीतून वेगळं काढायला पुरेसे ठरले.

आणि कायद्याचं वजन नेमकं उलट्या पारड्यात आहे. फोन ऐकायचा तर एरवी गृहसचिवांचा आदेश लागतो. सीडीआरसाठी पोलीस अधीक्षकांच्या पातळीवरची मागणी पुरते. मला हे चूक वाटतं, कारण बोलताना माणूस सावध राहू शकतो, पण आपण कुठे होतो ते तो लपवू शकत नाही. २६/११चे हल्लेखोर मच्छीमार बोटीतूनच आले होते. त्यानंतरची ओळखपत्रं आणि तपासण्या किनाऱ्याने स्वीकारल्या, आणि ते योग्यच होतं. पण संशयिताची नोंद मागणं वेगळं आणि सगळ्यांचीच गोळा करून ठेवणं वेगळं.

अमेरिकेत नेमकं तेच चाललं होतं. मार्च २०१३मध्ये तिथल्या गुप्तचर प्रमुखांनी सिनेटसमोर ते नाकारलं. जूनमध्ये तिथल्याच गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने दिलेल्या कागदांतून न्यायालयाचा गुप्त आदेश छापून आला: व्हेरायझन कंपनीने ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोज सरकारला द्याव्यात. २०२०मध्ये अपील न्यायालयाने ही योजना बेकायदा ठरवली. स्नोडेन तेव्हाही रशियात होता, आजही आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यात ढवळाढवळ करायची तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा. पण प्रमाण सुटलं हे बाहेरच्याला कळणार कसं? आतलाच कोणीतरी सांगेल तेव्हा. भ्रष्टाचार आणि सत्तेचा गैरवापर उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेने केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो लागू मात्र झालेला नाही. तोवर एखाद्या कार्यालयातल्या कारकुनाने असा कागद हाती धरून पत्रकाराला फोन लावला, तर त्या फोनचीही नोंद होते. वेळ, मिनिटं आणि टॉवर.