बाह्य ख्रिस्ती लेखनाचे संग्रह: तीन शतकांची पार्श्वभूमी

बायबलच्या नव्या करारात स्थान न मिळालेली शुभवर्तमाने (येशूची चरित्रे), प्रेषितांची म्हणजे त्याच्या निवडक शिष्यांची कृत्ये, पत्रे आणि प्रकटीकरणे अनेक शतके निरनिराळ्या हस्तलिखितांत विखुरलेली होती. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने इ.स. 367 च्या पत्रात नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांची यादी दिली, परंतु यादीबाहेरच्या लेखनाला एका शीर्षकाखाली आणण्याचे काम मुख्यतः मुद्रणयुगातील संपादकांनी केले. त्यामुळे कोणताही संग्रह चाळताना त्यातील मजकुराइतकेच संपादकाच्या निवडीकडेही पाहावे लागते.

जर्मन विद्वान योहान फाब्रिसियस याचा लॅटिन संग्रह 1703 मध्ये हॅम्बुर्गला निघाला आणि पुढच्या संपादकांनी तोच पाया मानला. इंग्रजी वाचकांपर्यंत हे लेखन पोहोचवले ते विल्यम होन या लंडनच्या प्रकाशकाने. धर्मनिंदेच्या आरोपांतून 1817 मध्ये निर्दोष सुटलेल्या होनने 1820 मध्ये जुनीच भाषांतरे एकत्र छापली, आणि क्लेमेंट, इग्नेशियस यांसारख्या सर्वमान्य धर्मपित्यांची (आरंभीच्या चर्चच्या धर्मगुरूंची) पत्रेही त्यांतच घातली. ही सर्व पुस्तके जणू एकाच वेळी बायबलमधून वगळली गेली असावीत, असा समज या सरमिसळीने पसरला. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

इंग्रज विद्वान एम. आर. जेम्स यांचा 1924 चा ऑक्सफर्ड संग्रह म्हणजे या गोंधळाला दिलेले उत्तरच होते. धर्मपित्यांची पत्रे त्यांनी वगळली आणि कृत्यांना भरपूर जागा दिली. भारतीय वाचकाला हा फरक विशेष जाणवेल, कारण प्रेषित थोमा भारतात आल्याची कथा सांगणारी ‘थोमाची कृत्ये’ होनच्या पुस्तकात नव्हतीच. त्यांचा ग्रीक पाठ जर्मन अभ्यासक थिलो याने 1823 मध्ये छापला. गुंदफर राजाने महाल बांधण्यासाठी दिलेले धन थोमा गरिबांना वाटून टाकतो आणि राजाचा महाल स्वर्गात उभा राहतो, ही कथा त्यातलीच. गुंदफर म्हणजेच गोंडोफारिस याची नाणी सापडल्याने त्या नावाचा राजा खरोखर होता हे दिसते. थोमा त्याला भेटला, हे मात्र नाण्यांवरून सिद्ध होत नाही.

यानंतर 1945 मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीला कॉप्टिक (प्राचीन इजिप्शियन ख्रिस्ती लोकांच्या भाषेतील) ग्रंथ सापडले; त्यांत थोमाचे शुभवर्तमानही होते. इजिप्तमध्येच ऑक्सिरिंकसला पूर्वी मिळालेली येशूची जी तुटक ग्रीक वचने तोवर बेवारस मानली जात होती, ती 114 वचनांच्या या शुभवर्तमानातील असल्याचे यामुळे स्पष्ट झाले. हेनेकेने 1904 मध्ये सुरू केलेल्या जर्मन संग्रहाच्या श्नेमेल्खरकृत नव्या आवृत्तीत (1959, 1964) या शोधाची दखल घेतली गेली, तरी शुभवर्तमाने, कृत्ये, पत्रे, प्रकटीकरणे हा नव्या कराराच्या साहित्यप्रकारांचा साचा कायम राहिला. पुढे तो साचाच अपुरा वाटू लागला: 1997 च्या फ्रेंच संग्रहाने आणि 2012 च्या जर्मन पुनर्रचनेने शीर्षकातून ‘नवा करार’ काढून ‘ख्रिस्ती’ हे विशेषण घेतले, तर टोनी बर्क आणि ब्रेंट लँडाउ यांनी 2016 पासून इंग्रजीत ‘नवा करार’ कायम ठेवूनही कित्येक उत्तरकालीन, दुर्लक्षित कथांना जागा दिली.