अवर्षण आणि दुष्काळ: दख्खनच्या इतिहासातील एक सरमिसळ

मराठीत ‘दुष्काळ पडला’ हे वाक्य आपण दोन निरनिराळ्या प्रसंगी वापरतो. पाऊस झाला नाही तरी दुष्काळ पडतो, आणि माणसे अन्नावाचून मेली तरीही दुष्काळच पडतो. पहिल्या गोष्टीला अवर्षण असा नेमका शब्द आहे, पण तो छापील कागदाबाहेर फारसा येत नाही. एरवी या सरमिसळीने काही बिघडत नाही. मात्र हवामान फिरले म्हणून राज्ये कोसळली, बंडे झाली, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा या दोहोंपैकी कशाबद्दल बोलणे चालले आहे हे आधी विचारावे लागते.

अवर्षण ही आभाळातली गोष्ट आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्ताच्या पावसावर येते. मृगाने दगा दिला तर बाजरी जाते, पण हस्तही कोरडा गेला की माणसांची भाकरी आणि गुरांचा कडबा दोन्ही एकदमच जातात. दुष्काळ यानंतर सुरू होतो, किंवा होत नाही. पेवात किती दाणे शिल्लक आहेत, सारा तहकूब झाला की वसुलीचा तगादा चालूच आहे आणि बाजारातला भाव मजुराला झेपतो का, यांवर ते ठरते.

१६३० साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस हुकला. गुजरातेत तर पुढच्या वर्षी अतिवृष्टीने उभे पीक नेले. पण त्याच वेळी शाहजहान निजामशाहीवरील मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता, आणि माळव्याकडून धान्य घेऊन निघालेले बैलांचे तांडे भुकेल्या गावांकडे न वळता बादशाही छावणीकडे जात होते. बादशहाने काहीच केले नाही असे मात्र नाही: लंगर उघडले गेले आणि खालसा, म्हणजे थेट बादशाही खजिन्यात वसूल जाणाऱ्या मुलखातला सुमारे ७० लाख रुपयांचा सारा माफ झाला. देहूच्या तुकोबांनी याच काळाविषयी अभंगात सांगून ठेवले आहे की पैसा आटला, मान गेला आणि एक बायको ‘अन्न अन्न’ करत मेली. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर १६२६ मध्येच गेला होता आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. ती अवर्षणाने बुडाली असे म्हणणे मला घाईचे वाटते, कारण दरबारातली फूट आणि मोगलांचा रेटा पावसाच्या आधीपासूनच होता. पावसाने दडी मारल्यावर आधीच खिळखिळ्या झालेल्या त्या राज्याला सावरायला उसंत मिळाली नाही, इतकेच म्हणता येते.

खरा फरक दिसतो तो १८७६ ते १८७८ या काळात. प्रशांत महासागराचे पाणी तापून आपला मॉन्सून बिघडवणारा एल निनो त्या वेळी अतिशय तीव्र होता आणि सोलापूर, विजापूर, नगर, पुणे या जिल्ह्यांत पीक बुडाले, एवढे अवर्षण. पण पुण्याहून सोलापूरकडे रेल्वे तोवर पोहोचलेली होती, देशाच्या इतर भागांत धान्य होते आणि त्याची परदेशी निर्यातही चालू होती. व्हाइसरॉय लिटनने पाहणीसाठी पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. याच टेंपलने १८७३-७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून मृत्यू जवळजवळ टाळले होते आणि त्या खर्चापायी बोलणी खाल्ली होती. दख्खनमध्ये तो ती चूक पुन्हा करणार नव्हता. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून एक प्रकारचा मूक संप केला. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे पुण्याच्या ज्या सार्वजनिक सभेत होते, तिने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्ज धाडले. वासुदेव बळवंत फडके यांनी ही उपासमार जवळून पाहिली आणि १८७९ मध्ये रामोश्यांना बरोबर घेऊन त्यांनी बंड पुकारले. या उठावामागे अवर्षण आहेच, पण ते दूरचे. जवळचे कारण आहे ते दुष्काळाचे, म्हणजे ज्या सरकारच्या देखत माणसे मेली त्या सरकारचे.

इथे एक घोटाळा हमखास होतो. दख्खनचे दंगेही लोक याच दुष्काळाच्या खात्यात टाकतात. पण १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जाची खतपत्रे जाळली, आणि मोठे अवर्षण आले ते पुढच्या वर्षी. त्या होळीमागे अमेरिकेतील यादवी युद्धात चढलेला आणि नंतर पडलेला कापसाचा भाव होता, फेरआकारणीत वाढलेला सारा होता आणि सावकारांनी आखडता घेतलेला हात होता.

याची उलट बाजू महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळाची. सलग तीन वर्षे पावसाने ओढ दिली, विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली. तरीही भूकबळींचे थैमान झाले नाही, कारण मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामावर होती. त्या पिढीच्या तोंडी अजून मिलो या परदेशी लाल ज्वारीची आणि मदत म्हणून वाटलेल्या सुकडीची चव आहे, आणि ती काही कौतुकाने सांगितली जात नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची कल्पना याच अनुभवानंतर १९७७ मध्ये कायद्यात उतरली.

पुराव्यांतही हा भेद राहतो. छत्तीसगडमधील दंडक गुहेतील चुनखडीच्या थरांवरून चौदाव्या-पंधराव्या शतकातील दुबळा मॉन्सून ओळखता येतो, आणि १३९६ पासून बारा वर्षे चालल्याचे सांगतात त्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी तो जुळतो. मात्र चुनखडी सांगते ते फक्त पावसाचे. उद्या कुणी अशाच थरांत १९७२ शोधले, तर त्याला तीन कोरडी वर्षे दिसतील. माणसे जगली कशी, हे पाहण्यासाठी त्याला त्या कामांवरचे हजेरीपट उघडावे लागतील.