जॉइन लावलाय, तरी क्वेऱ्या का सुटतात?

ऐरोलीच्या ऑफिसात मागच्या आठवड्यात टीममधल्या नव्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, जॉइन तर लावलाय, मग हायबरनेट परत परत क्वेरी का मारतंय?" हायबरनेट म्हणजे जावातले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणारी लायब्ररी; डेटाबेसला क्वेऱ्या, म्हणजे माहितीचे प्रश्न, तीच पाठवते. कन्सोलवर तेच सिलेक्ट, म्हणजे माहिती मागणारी क्वेरी, एकाखाली एक येत होतं, बदलत होता फक्त आयडी. डेटाबेसची भाषा एसक्यूएल आधी शिकलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे अडतो. तिथे जॉइन केला की दोन्ही टेबलांचे कॉलम हाताशी असतात ना!

आमचं काम घणसोली, कोपरखैरण्याच्या सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं. सोसायटी हा ऑब्जेक्ट, त्यात सदनिकांची लिस्ट. तिला थकबाकीवाल्या सोसायट्या हव्या होत्या.

नुसत्या जॉइनमध्ये सदनिकांचं टेबल जोडलं जातं ते अट तपासण्यापुरतं. सिलेक्टमध्ये कॉलम येतात फक्त सोसायटीचे. एका सोसायटीच्या अनेक सदनिका, असं वन-टू-मेनी नातं मुळातच लेझी, म्हणजे मागेपर्यंत लिस्ट भरलीच जात नाही, त्यामुळे लिस्टला हात लावला की प्रत्येक सोसायटीसाठी वेगळी क्वेरी सुटते. ४० सोसायट्या असतील तर पहिली धरून एकूण ४१. सेशन, म्हणजे हायबरनेटचं डेटाबेसशी चाललेलं सत्र, आधीच बंद झालं असेल तर थेट लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन.

जॉइन फेच लिहिलं की सदनिकाही त्याच फेरीत ऑब्जेक्टमध्ये भरून येतात.

मग सगळीकडे फेचच लावावा, असं वाटतं. तिनेही लावला, आणि थकबाकीची अट त्याच फेचच्या अलियासवर, म्हणजे क्वेरीत सदनिकांना दिलेल्या छोट्या नावावर, ठेवली. क्वेरी एकच झाली, पण ६० सदनिकांच्या इमारतीत एकूण सदनिका ७ दिसायला लागल्या! अटीत बसल्या तेवढ्याच लिस्टमध्ये शिरल्या होत्या. मला ही चूक ४१ क्वेऱ्यांपेक्षा जास्त घातक वाटते. एरर येत नाही, ॲप पळतं, आणि बेरीज चुकीची छापली जाते. गाळायचं काम फेचकडे देऊच नये.

गाळायला साधा जॉइन आणि भरायला वेगळा फेच, असं दोन्ही एकत्र चालतं. पण मग अटीत बसणाऱ्या प्रत्येक सदनिकेमागे सगळ्या सदनिका परत येतात, त्यामुळे त्या एका इमारतीच्याच ७ गुणिले ६०, म्हणजे ४२० ओळी डेटाबेसमधून येतात. त्यापेक्षा अट एक्झिस्ट्सच्या सबक्वेरीत, म्हणजे 'अशी सदनिका आहे का' एवढंच तपासणाऱ्या आतल्या क्वेरीत, घालावी. सगळ्या सोसायट्यांची यादी काढताना लेफ्ट जॉइन फेच घ्या, नाहीतर एकही सदनिका न नोंदवलेली सोसायटी गायब होते. आणि लिस्टच्या फेचसोबत पेजिंग, म्हणजे निकाल पानापानाने आणणं, नको: हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत ओढून मग पान कापतं, लॉगमध्ये तसा इशाराही देतं.

तिने अट एक्झिस्ट्समध्ये हलवली, फेचवर काहीच ठेवलं नाही. कन्सोलवर एकच सिलेक्ट आलं, सदनिका ६०.