मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा आणि त्यानंतरची ऐंशी वर्षं

स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींच्या यशाबद्दल लिहिताना ‘ऑटिझमवर मात करून’ हे शब्द हमखास येतात. पण या विषयाचे अगदी सुरुवातीचे वैद्यकीय कागद वाचले, तर ज्या सवयींची नोंद लक्षण म्हणून झाली, त्याच सवयी पुढे कामी आल्याचं दिसतं. अर्थात, त्या कामी लावणारं कुणीतरी भेटावं लागलं.

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ स्वमग्न मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने आईवडिलांनी त्याला घरी परत आणलं. पुढे तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला, आणि १९४५ मध्ये कॅनर त्याला भेटायला तिथे गेले.

त्या भेटीचं वर्णन मुळातून वाचावं असं आहे. डोनाल्डला मोजमापाचा नाद होता, म्हणून जोडप्याने त्याला विहीर खणायला लावलं आणि ती किती खोल गेली ते सांगायचं काम दिलं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे, तेव्हा नांगर त्याच्याच हाती दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला सांगितलं. घोडा तो इतका सफाईने वळवत होता की कॅनर पाहत राहिले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचीही त्याला सवय होती. त्यांच्यासाठी जोडप्याने स्मशानभूमीची जागा नेमून दिली. तिथे प्रत्येकाची पाटी होती. एका गोगलगायीला त्याने ‘जॉन’ हे नाव आणि त्या शेतकऱ्याचं आडनाव दिलं होतं. खाली जन्मतारीख अज्ञात, आणि मृत्यूची तारीख म्हणजे ती सापडली तो दिवस. त्या जोडप्याने एकही सवय मोडली नाही. विशेष शिक्षणाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हा प्रसंग पहिल्या दिवशी शिकवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

डोनाल्ड ट्रिपलेट पुढे पदवीधर झाले, आईच्या माहेरच्यांच्या बँकेत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, गाडी चालवली, एकट्याने देशोदेशी फिरले. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कॅनर यांनी १९७१ मध्ये त्या ११ जणांचं पुढे काय झालं याचा शोध घेतला. जी मुलं सरकारी मनोरुग्णालयांत गेली होती, त्यांच्यासाठी तिथे दाखल होणं जन्मठेपेसारखंच ठरलं, असं त्यांना लिहावं लागलं. घरची बँक सगळ्यांच्या नशिबी नसते, हेही इथेच नोंदवायला हवं.

मॉस्कोत काम करणाऱ्या बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच सहा मुलग्यांचं असं वर्णन केलं होतं, त्यांच्या गुणांसकट. पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर १९४४ च्या आपल्या निबंधात क्षमतांबद्दल अधिक ठामपणे बोलले. न्यूटनच्या कामातली चूक दाखवून खगोलशास्त्राचा अध्यापक झालेल्या एका मुलाची हकिगत त्यात आहे. पण याच आस्पर्गरनी काही मुलांना आम श्पीगलग्रुंड या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती, हे इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी मांडलं. त्या संस्थेत नाझी राजवटीने अपंग मुलांचे जीव घेतले. माणसाची किंमत त्याच्या उपयुक्ततेवर ठरवली की काय होतं, ते या इतिहासात लिहिलेलं आहे. म्हणूनच कर्तबगार स्वमग्न व्यक्तींचं कौतुक करताना, आयुष्यभर आधार लागणाऱ्यांचा हक्क तसूभरही कमी धरता येत नाही.

पुढची दोन दशकं आईला दोष देण्यात गेली. आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं, हे मत अमेरिकेतल्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी लोकप्रिय केलं. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये ते खोडून काढलं.

स्वमग्न माणसं स्वतः बोलू लागली तेव्हा चित्र खऱ्या अर्थाने बदललं. १९४७ मध्ये बॉस्टनला जन्मलेल्या टेम्पल ग्रँडिन साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. कुणी मिठी मारली की त्यांना सहन होत नसे, पण शरीरावर दाब मात्र हवासा वाटे. मावशीच्या फार्मवर त्यांनी लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा पाहिला आणि त्यावरून स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. गुरं एखाद्या वाटेवर का अडतात, हे पाहायला त्या स्वतः त्या वाटेने चालत जात. लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, डबक्यातली चमक, जमिनीवर पडलेली सावली. रोज तिथे राबणाऱ्यांना जे दिसत नव्हतं, ते चित्रांत विचार करणाऱ्या या बाईंना लगेच दिसलं. त्यांनी आखलेल्या वळणदार वाटांनी गुरं न भेदरता पुढे सरकू लागली, कारण आल्या दिशेला परत वळण्याच्या त्यांच्या ओढीशी ते वळण जुळत होतं.

संशोधकांचीही दृष्टी हळूहळू बदलली. मोठ्या चित्रात लपलेला आकार शोधून काढण्यात स्वमग्न मुलं सरस असतात, हे अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ मध्ये दाखवलं. त्या काळी अशा गुणाला कमतरतेच्या समुद्रातलं एखादं बेट मानत. लंडनचे स्टीफन विल्टशायर हेलिकॉप्टरमधून एक फेरी मारून अख्खं शहर आठवणीतून कागदावर उतरवतात, पण अशी असामान्य स्मृती बहुतेक स्वमग्न व्यक्तींकडे नसते. बहुतेकांच्या एकंदर बुद्धीचा प्रश्न लावून धरला तो माँट्रियलच्या लॉराँ मोत्रों यांच्या गटाने. त्यांच्या सहकारी मिशेल डॉसन स्वतः स्वमग्न. २००७ मध्ये या गटाने दाखवलं की आकृत्यांचा क्रम ओळखायच्या रेव्हन चाचणीत स्वमग्न मुलांचे गुण, नेहमीच्या वेक्स्लर बुद्धिमापन चाचणीपेक्षा सरासरी ३० पर्सेंटाइलने वर जातात. इतर मुलांमध्ये असा फरक पडत नाही. मधल्या काळात किती मुलांच्या फाइलींवर चुकीचा शेरा बसला असेल, या विचाराने वाईट वाटतं.

१९९३ मध्ये स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांना सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. १९९०च्या दशकाच्या अखेरीस न्यूरोडायव्हर्सिटीची, म्हणजे मेंदूंच्या घडणीतलं वेगळेपण हे माणसांमधलं नैसर्गिक वैविध्यच आहे ही, कल्पना पुढे आली. २००४ मध्ये डेन्मार्कच्या थॉर्किल सोने यांनी, आपल्या स्वमग्न मुलाकडे पाहून, सॉफ्टवेअर तपासणीसाठी स्वमग्न व्यक्तींना नेमणारी ‘स्पेशलिस्टर्न’ ही कंपनी काढली. २०१३ मध्ये ‘सॅप’ या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने भरतीचे वेगळे मार्ग सुरू केले. नेहमीच्या मुलाखतीत नजर, हस्तांदोलन आणि गप्पा जोखल्या जातात, त्याऐवजी तिथे काम करून दाखवायला सांगतात.

हे सगळं अजून संगणकाभोवतीच जास्त फिरतं. बीजगणित आपल्याला कधीच जमलं नाही, आणि आजच्या शिक्षणपद्धतीत आपण पुढे येऊच शकलो नसतो, असं ग्रँडिन वारंवार सांगतात. शाळांमधून सुतारकाम, शिवण आणि यंत्रकामाचे तास काढून टाकले गेले, यावर त्यांचा सर्वांत जास्त राग आहे. ज्या मुलाची बुद्धी हातांतून आणि डोळ्यांतून चालते, त्याला ती कुठे वापरता येते हे कळायची पहिली जागा तीच असते.