इंजिन ग्राउंड रन आणि वारा

विमान जागेवर उभे ठेवून त्याचे जेट इंजिन चालवण्याला विमान-देखभालीत ‘ग्राउंड रन’ म्हणतात. इंजिन किंवा त्याचा एखादा भाग बदलला, तेलगळती दिसली, कंपने वाढल्याची तक्रार आली, की दुरुस्तीनंतर ही चाचणी घ्यावी लागते. कधी ती फक्त आयडलवर, म्हणजे किमान शक्तीवर होते, तर कधी टेक-ऑफच्या शक्तीपर्यंत जाते. मुंबई विमानतळ, नागपूरच्या मिहानमधील देखभाल केंद्र, नाशिकजवळचा ओझरचा एचएएल कारखाना अशा ठिकाणी हे नेहमीचे काम आहे. या चाचणीत वाऱ्याची दिशा आणि वेग यांना इंधन किंवा तेलाच्या दाबाइतकेच महत्त्व आहे.

उडत्या विमानात हवा समोरून, सरळ इंजिनात शिरते. उभ्या विमानाचे इंजिन मात्र चहूबाजूंनी हवा ओढते. इनलेटच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या तोंडाच्या, कडेला वळसा घालून मागची हवाही आत येते. त्यात बाजूचा वारा जोराचा असेल, तर वाऱ्याकडच्या कडेवरून आत वळताना हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो आणि पंख्याच्या एका भागाला कमी दाबाची, विस्कळीत हवा मिळते. फिरणारे प्रत्येक पाते दर फेरीत चांगल्या हवेतून खराब हवेत आणि पुन्हा चांगल्या हवेत जाते. पाती थरथरतात, प्रमाण वाढले तर कॉम्प्रेसरमधला, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातला, प्रवाह कोसळतो. यालाच सर्ज म्हणतात. तोफ डागल्यासारखा आवाज होतो आणि पुढून-मागून ज्वाळा दिसू शकतात. मोठ्या पंख्याच्या इंजिनांना हा धोका अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. बोइंग ७७७ वरील जीई९०-११५बी इंजिनाचा पंखा सुमारे ३.२५ मीटर व्यासाचा आहे. काही इंजिने तर जमिनीवर फिरण्याच्या ठरावीक वेगांच्या पट्ट्यात स्थिर ठेवायचीच नसतात; तो पट्टा न थांबता ओलांडायचा असतो.

मागचा वारा त्याहून त्रासदायक. बंद इंजिनाचा पंखा तो उलटा फिरवू शकतो. मग स्टार्ट करताना इंजिन हवा तेवढा वेग घेत नाही आणि ईजीटी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान, चढू लागते. चालू इंजिनाचे गरम वायू हाच वारा पुढे ढकलतो आणि इनलेट ते पुन्हा ओढते. म्हणून विमानाचे नाक वाऱ्याकडे, हा पहिला नियम. कोणत्या कोनातून किती वारा असताना किती शक्ती द्यायची, हे त्या-त्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये दिलेले असते. एका विमानाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

वारा अगदी पडलेला असला तरी निश्चिंत होता येत नाही. शक्ती वाढली की जमीन आणि इनलेट यांच्यामध्ये भोवरा तयार होतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तो पांढऱ्या दोरीसारखा स्पष्ट दिसतो, आणि जमिनीवरचे पाणी, खडी, सुटा बोल्ट वर उचलतो. समोरून येणारा पुरेसा वारा हा भोवरा उडवून लावतो. नाक वाऱ्याकडे ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. तरीही रनपूर्वी जागा झाडून घेण्याला पर्याय नाही.

माणसांच्या दृष्टीने इनलेटसमोरची धोक्याची हद्द सर्वांत कडक पाळायची. बोइंग ७३७ च्या नेक्स्ट जनरेशन विमानांसाठी ती आयडलला साधारण ३ मीटर आणि टेक-ऑफच्या शक्तीला सुमारे ४ मीटर आहे. वारा २५ नॉटच्या, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरच्या वर असेल तर ती २० टक्क्यांनी वाढवायची. इंजिनामागच्या गरम झोताची हद्द आयडलला सुमारे ३० मीटर, तर टेक-ऑफच्या शक्तीला अर्ध्या किलोमीटरहून जास्त. आयडलचा आवाज कमी असतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात आयडललाही इनलेट माणसाला ओढू शकते. १६ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील एल पासो येथे तेलगळती तपासण्यासाठी बोइंग ७३७-५०० चे इंजिन जास्त शक्तीवर चालवले जात असताना एक मेकॅनिक इनलेटच्या हद्दीत गेला आणि ओढला गेला. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत एअर इंडियाच्या ए३१९ विमानाजवळ एका तंत्रज्ञाचा असाच मृत्यू झाला. तेव्हा ग्राउंड रन नव्हे, पुशबॅक, म्हणजे विमान मागे ढकलण्याचे काम, सुरू होता. पण इनलेटपुढची हद्द दोन्ही वेळी तितकीच घातक असते.

वाऱ्याचे माप घेण्यात एक फसगत नेहमी होते. विमानतळाचा नियंत्रण टॉवर सांगतो तो वारा धावपट्टीजवळच्या उपकरणाचा. हँगरच्या आडोशाला तोच वारा वळतो, दुभंगतो, झोतांनी येतो. मुंबईची ०९/२७ ही मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे तिथे तेव्हा नाक कुठे करायचे हा प्रश्न सहसा अवघड नसतो. अवघड असतात ते वाऱ्याचे अचानक येणारे झोत. सरासरी मर्यादेत आणि झोत मर्यादेबाहेर असेल, तर झोतच खरा मानावा. वारा रनच्या मध्येही फिरतो. म्हणून कॉकपिटमधल्या माणसाने ईजीटी आणि कंपनांवर नजर ठेवायची आणि खाली हेडसेट लावून उभ्या असलेल्या सहकाऱ्याने विंडसॉकवर, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीवर. खालून ‘थांबवा’ आले की कारण न विचारता शक्ती आयडलला आणायची.

विमान जागचे हलू नये ही व्यवस्था वाऱ्याइतकीच महत्त्वाची. १५ नोव्हेंबर २००७ रोजी फ्रान्समधील तुलूझ येथे नव्या ए३४०-६०० ची चारही इंजिने चाकांना चोक, म्हणजे अडवणारे ठोकळे, न लावता मोठ्या शक्तीवर चालवली गेली. पार्किंग ब्रेक लावलेला असूनही विमान सरकले, इंजिनांचा झोत अडवणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीवर चढले आणि आतली माणसे जखमी झाली.

मोठ्या विमानतळांवर अशा चाचण्यांसाठी तीन बाजूंनी भिंती असलेले रन-अप बे बांधतात. आवाज आणि झोत अडवणे हे त्यांचे काम. तिथल्या नेहमीच्या वाऱ्याकडे तोंड धरूनच बे आखतात, पण वारा उलटला तर त्याच भिंतींमुळे आत भोवरे उठतात आणि गरम वायू कोंडतात. अशा दिवशी बे रिकामा ठेवून चाचणी पुढे ढकलावी लागते, आणि विमान तोवर सेवेत परत जात नाही.