झोप लागत नाही आणि झोप मिळत नाही: एका शब्दाची पार्श्वभूमी

2004 साली आलेल्या ‘द मशिनिस्ट’ या चित्रपटाचा नायक वर्षभर झोपलेला नाही. तो यंत्रशाळेत काम करतो. अंगावर नुसती हाडं उरली आहेत, समोर नसलेला माणूस त्याला दिसतो आणि त्याचं लक्ष क्षणभर ढळल्यामुळे सहकाऱ्याचा हात मशीनमध्ये जातो. ज्यांच्या घरातलं कोणी नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, त्यांना तो हाताचा प्रसंग बघवत नाही. शेवटी चित्रपट सांगतो, की हे सगळं गाडीखाली एक मूल गेल्याच्या अपराधी भावनेतून आलं. त्याची झोप उडण्याचं कारण त्याच्याच मनात असतं आणि कारखाना त्यातून सुटतो. माझी तक्रार नेमकी इथे आहे, कारण खऱ्या आयुष्यातही असंच होतं. ते घडवून आणण्यात आपल्या भाषेतल्या एका शब्दाचा मोठा हात आहे.

तो शब्द म्हणजे निद्रानाश. आज वर्तमानपत्रात, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात तो सर्रास दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. अंथरूण आहे, वेळ आहे, खोलीत अंधार आहे, तरी डोळ्याला डोळा लागत नाही, ही एक गोष्ट. वैद्यकात विकार म्हणून नोंद होते ती हिची, आणि झोपेची पुरेशी संधी असूनही आठवड्यातून किमान 3 रात्री, 3 महिने असं चाललेलं असावं, अशी तिची अट असते. दुसरी गोष्ट म्हणजे माणूस टेकला की झोपेल अशा अवस्थेत असतो, पण त्याला टेकायलाच मिळत नाही. पहिलीवर उपचार असतात. दुसरीवर औषधाची चिठ्ठी लिहून काय होणार?

जुन्या ग्रंथात मात्र ही गफलत नव्हती. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत आणि निद्रानाशाची कारणंही मोजली आहेत: कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. पहिलं नाव कार्याचं आहे, म्हणजे कामाचं. इंग्रजी वैद्यकातल्या विकाराला आपण हाच शब्द चिकटवला तेव्हा यादीतलं ते पहिलं नाव गळून पडलं आणि मागे राहिला तो फक्त रुग्ण. ‘जागरण’ही उपयोगाचा नाही. त्याला गोंधळ, एकादशी, कोजागरी असा पुण्यकर्माचा वास आहे. मध्येच मोडलेली, तुटकतुटक, वर्षानुवर्षं कमी पडत गेलेली झोप यांपैकी कशातच बसत नाही. तिच्यासाठी मला ‘झोपेची तूट’ हाच शब्द बरा वाटतो. तूट म्हटलं की ती कुणामुळे आली हा प्रश्न आपोआप येतो.

माझे वडील सातपूरला एका कारखान्यात होते. फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी दर आठवड्याला पाळी बदलायची. थर्ड, म्हणजे रात्रपाळी, सुटली की सकाळी आठपर्यंत ते सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत येत. खिडकीला जुनी चादर लागायची, आई भांडी आवाज न करता घासायची, तरी भंगारवाल्याची हाक आणि शेजारच्या कुकरची शिट्टी कुणाच्या हातात नव्हती. साडेबाराला ते उठून बसलेले असायचे. एकदा जेवताना त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून तसेच बसून राहिले. डोळे उघडे होते. आई ‘अहो’ म्हणाली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘जॉब काढला का?’ जॉब म्हणजे मशीनवर लावलेला सुटा भाग. पुढे दवाखान्यातल्या कार्डावर ‘निद्रानाश’ लिहून आलं, सोबत गोळ्या. वडील तेव्हा एवढंच म्हणाले, ‘मला झोप लागते हो, मिळत नाही.’

त्या उघड्या डोळ्यांच्या डुलकीला शास्त्रात सूक्ष्मनिद्रा म्हणता येईल. काही सेकंद मेंदू कामावरून उठून जातो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. झोप न मिळाल्यावर काय होतं हे बघायला माणसांना जागं ठेवण्याचे प्रयोग फार आधीपासून झाले. 1896 मध्ये अमेरिकेत तिघांना 90 तास जागं ठेवलं, तेव्हा एकाला नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. 1964 मध्ये 17 वर्षांचा एक मुलगा 264 तास जागा राहिला. चित्रपटांनी उचललं ते हेच, विक्रम आणि भास. वर्षभर अजिबात न झोपलेला माणूस प्रत्यक्षात असूच शकत नाही. प्रत्यक्षातली तूट शांत असते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सलग 14 दिवस रोज 6 तासच झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्यांइतकं घसरलं होतं, पण विचारलं तर ते म्हणत की थोडीशीच झोप येतेय. ‘सवय झालीय’ हे वाक्य आपण शॉपफ्लोअरवर ऐकतो तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. त्याआधी, 1997 मध्ये, सलग 17 तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असल्याइतकी मंदावते असं दिसलं होतं. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठीची मर्यादा 0.03 टक्के आहे.

शेतातही तेच. निफाड, दिंडोरीकडे शेतीपंपाला थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री, असा फेर वर्षानुवर्षं चालत आला. म्हणजे कारखान्यासारखीच पाळी, फक्त साहेब नाही आणि वर बिबट्याची भीती. त्यात थंडी उतरली की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसायचं. दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आहे. त्यासाठीची सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला.

कायद्याकडे पाहिलं तर 1948 च्या कारखाना कायद्यात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास होते. सगळी मोजदाद कामाची. झोपेचं नाव न्यायालयांनी घेतलं. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रात्रभर जबाब नोंदवण्यावर आक्षेप घेताना, झोप न मिळाल्याने माणसाची विचारशक्ती बिघडू शकते असं स्पष्ट म्हटलं. आरोपीला जे लागू, ते मशीनवर उभ्या माणसाला का नाही?

आणि मग सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. तिमाही ओव्हरटाइम 115 वरून 144 तास, कामगाराची लेखी संमती आवश्यक. बाजू घेणारे म्हणतात की आठवड्याचे 48 तास तसेच आहेत, चार दिवसांत काम संपेल आणि सुट्ट्या वाढतील. गणित बरोबर आहे, पण मेंदूची तूट आठवड्याच्या सरासरीने भरत नाही. समजा, रात्री 8 ते सकाळी 8 अशी पाळी आहे आणि माणूस पहिल्या दिवशी, मुलांच्या शाळेसाठी, सकाळी 7 ला उठला आहे. दुपारी पडायला मिळालं नाही तर मध्यरात्री 12 ला त्याचे 17 तास भरतात. पाळी सुटायला तेव्हा 8 तास बाकी असतात, आणि त्यानंतर बाइकवरून घर गाठायचं असतं.