जुनं रिव्हॉल्व्हर घेण्याआधी : साल कसं ओळखायचं, किंमत कशी ठरवायची

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या लायसन्सधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुनं विलायती रिव्हॉल्व्हर बघायला आलेला ग्राहक सहसा ते आधी हातात तोलून बघतो, मग उजेडात धरून पॉलिश न्याहाळतो आणि लगेच विचारतो, "केवढ्याला?" आमची कळकळीची विनंती आहे की आकडा सगळ्यांत शेवटी विचारा. आधी लायसन्स आणि बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप), मग खुणा आणि नंबर, मग यंत्राची तपासणी.

सर्वसामान्य लायसन्सधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन यांची देशात आधीपासून असलेली रिव्हॉल्व्हरंच एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि त्यांचे भाव लाखांत असतात. एवढी रक्कम केवळ नावावर भरवसा ठेवून कुणी देऊ नये, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

बोअर आणि लायसन्स

आपल्याकडे साध्या लायसन्सवर रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेक वेळा .३२ बोअर. .३८ आणि .४५५ हे लष्करी वापराचे बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतात. देवळाली कॅम्पच्या आसपास किंवा जुन्या सरदारी वाड्यात १९१५ची वेब्ली मार्क सहा किंवा १९३२ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेलं एन्फिल्ड निघू शकतं. ते कितीही देखणं असलं तरी साध्या लायसन्सवर घेता येत नाही.

"शंभर वर्षांचं आहे, याला लायसन्स लागत नाही" असं कुणी सांगितलं तर व्यवहार तिथेच थांबवा. १८९९ आधीची हत्यारं 'अँटिक' मानण्याचा नियम अमेरिकेचा आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ मधलं कलम ४५ फक्त अशा पुराण्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट देतं, जी दुरुस्त करूनही चालणार नाहीत. चालू स्थितीतल्या रिव्हॉल्व्हरला, मग ते पणजोबांचं का असेना, लायसन्स लागतंच. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात आणि वारसाने आलेलं हत्यारही त्यात धरलं जातं. म्हणून घरात आधीच दोन असतील तर तिसऱ्याची चौकशी करून मनस्ताप करून घेऊ नका.

साल कसं ओळखायचं

इथे आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते.

नळीवर किंवा सिलिंडरवर (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागावर) बारीक अक्षरांत तारखा असतात. विकणारा त्यातली सर्वांत जुनी तारीख दाखवून "बघा, १८९६चं आहे" म्हणतो. त्या पेटंटच्या तारखा असतात. स्मिथ अँड वेसनने त्या पुढे बरीच वर्षं तशाच छापल्या. रिव्हॉल्व्हर सर्वांत अलीकडच्या तारखेच्या आधीचं नाही, एवढंच त्यातून कळतं.

वेब्लीच्या बाबतीत कंपनीचं नावच साल सांगतं. 'पी. वेब्ली अँड सन' असेल तर माल १८९७च्या आधीचा. त्या वर्षी कंपन्यांचं एकत्रीकरण होऊन 'वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी' झाली आणि १९०६पासून नुसतं 'वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड'. नळीच्या वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटनसारख्या जुन्या विक्रेत्याचं नाव कोरलेलं असेल तर ते जपा. संग्राहक त्याचे वेगळे पैसे मोजतात.

मग प्रूफचे शिक्के बघा. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी आणि सिलिंडर तपासणं. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३पासून हे काम करतं. मुकुटाखाली 'एनपी' ही अक्षरं असतील तर आधुनिक धूरविरहित बारुदासाठी तपासणी झाली आहे आणि शिक्का १९०४च्या नियमांनंतरचा आहे. 'बीएनपी' असेल तर १९५४च्या नियमांनंतरचा. 'नॉट इंग्लिश मेक' असं लिहिलेलं असेल तर ते परदेशी हत्यार इंग्लंडमध्ये १९२५ ते १९५५च्या दरम्यान तपासलेलं आहे. भारतात आलेल्या अनेक अमेरिकन आणि स्पॅनिश रिव्हॉल्व्हरवर हा शिक्का आढळतो. बेल्जियमच्या लिएजमध्ये १९२२पासून आणि स्पेनमध्ये १९२७पासून वर्षाचं अक्षर मारलं जाई. स्पॅनिश शिक्क्यात भिंगाखाली एकच अक्षर दिसलं तर ते बहुधा वर्षाचं असतं.

स्पेनमधल्या एइबार गावची रिव्हॉल्व्हरं हा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्या नळीवर 'स्मिथ अँड वेसन' ही अक्षरं ठळक दिसतात, पण नीट वाचलं तर वाक्य असतं, 'स्मिथ अँड वेसन काडतुसांसाठी'. हा माल स्मिथ अँड वेसनचा नाही आणि त्या भावाने घेऊ नये. अस्सल रिव्हॉल्व्हरवर कंपनीचं नाव आणि स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स हा पत्ता असतो.

अस्सल स्मिथ अँड वेसनच्या आणखी खुणा अशा. सिलिंडर बाजूला काढल्यावर त्याचा दांडा फ्रेममध्ये जिथे बसतो, त्या खाचेत 'मॉडेल ३०' किंवा 'मॉडेल ३१' असा आकडा असेल तर ते १९५७ नंतरचं. लाकडी मुठीच्या स्क्रूभोवती चौकटीचा आकार कोरलेला असेल तर मूठ १९६८च्या आधीची. नळी फ्रेममध्ये जिथे शिरते तिथे आडवी पिन असेल तर १९८२च्या आधीचं. मात्र मूठ बदलता येते, फ्रेम बदलता येत नाही. म्हणून मुठीवरून काढलेलं साल फ्रेमशी जुळवून बघा.

नंबर एकाच ठिकाणी बघून समाधान मानू नका. या कंपनीच्या जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये तोच नंबर मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या बाजूला आणि उजव्या मुठीच्या आतल्या अंगाला सापडतो. हे सगळे जुळले तर किंमत चढते, एखादा निराळा असेल तर तो भाग नंतर बसवलेला आहे. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर हात लावू नका. ओळखखूण नसलेल्या हत्याराची विक्री कलम ८खाली गुन्हा आहे.

चमक आणि खरं पॉलिश

जुन्या रिव्हॉल्व्हरला कारखान्याचं मूळ ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) जेवढं शिल्लक, तेवढा त्याला संग्राहकांत मान. ते पुसट झालेलं असलं, म्यानाच्या टोकाला घासून पांढरं पडलेलं असलं, तरी नव्याने काळं केलेल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा ते मोलाचं. काचेसारखी चमक दिसली की आम्ही भिंग काढतो. बफ मारलेलं असेल तर कोरलेल्या अक्षरांच्या कडा गोल झालेल्या दिसतात, स्क्रूच्या भोकांभोवती धातू किंचित खोलगट होतो, आणि नव्या काळ्या थराखाली जुन्या गंजाचे बारीक खड्डे तसेच राहतात. निकेलच्या जुन्या स्मिथ अँड वेसनमध्ये घोडा आणि चाप यांच्यावर निकेल नसायचं, त्यांच्यावर उष्णतेने उमटलेले निळे-तपकिरी रंग असत. तेही चकचकीत निकेलचे असतील तर थर नंतर दिलेला आहे.

आणि कृपया, आजोबांचं रिव्हॉल्व्हर विकायला काढण्याआधी घासूनपुसून चकचकीत करून आणू नका. आपल्याकडे ते चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवायची सवय आहे. पावसाळ्यात चामडं ओल धरून ठेवतं आणि एका अंगाला गंजाचे ठिपके पडतात. ठिपके तसेच असू द्या. मऊ फडकं आणि पातळ तेल पुरे.

यंत्र

ही तपासणी आमच्या दुकानात, हत्यार रिकामं आहे हे तुमच्यासमोर दाखवून होते. घोडा सावकाश मागे घेतल्यावर सिलिंडर प्रत्येक कप्प्यावर अडकला पाहिजे, अडकल्यावर हलता कामा नये. मोडून उघडणाऱ्या वेब्लीत बिजागरी आणि वरची कडी सैल आहे का ते बघतो. नळीतून उजेडाकडे बघताना आत काळं कडं दिसलं तर तिथे कधीतरी नळी फुगली आहे. ते रिव्हॉल्व्हर शोभेचं म्हणून ठीक, वापरायचं नाही.

.३२ म्हणवणाऱ्या काडतुसांच्या दोन जाती आहेत. १८७८चं आखूड .३२ आणि १८९६पासूनचं 'लाँग'. आज आपल्या आयुध निर्माणीचं काडतूस लाँग जातीचं मिळतं. कोल्टवर '.३२ न्यू पोलीस' लिहिलं असेल तर त्यात ते चालतं. आखूड जातीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र लाँग शिरायलाच नको. शिरलं तर कुणीतरी सिलिंडर आतून कोरला आहे, आणि ते रिव्हॉल्व्हर आम्ही कोणत्याही किमतीला विकत नाही.

किंमत

परदेशी लिलावातले डॉलर रुपयांत गुणून किंमत काढू नका. तिथे माल भरपूर, इथे मोजका, त्यामुळे तो हिशोब इथे लागू पडत नाही. इथे एकाच रिव्हॉल्व्हरला दोन भाव असतात. जवळ बाळगणारा घट्ट यंत्र आणि मिळणारं काडतूस यासाठी पैसे देतो. संग्राहक मूळ पॉलिश, जुळते नंबर, मूळ मूठ, जुनी खरेदी-पावती यासाठी देतो. तुम्ही कोणत्या कारणासाठी घेताय ते आम्हाला आधी सांगा. साल कितीही जुनं असलं तरी एवढ्यावरच भाव चढत नाही.

कागदपत्रं

खासगी व्यक्तीकडून घेत असाल तर कलम ५नुसार विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्याशिवाय हत्यार हातात घेता येत नाही. मूळ मालक वारला असेल तर वारसांनी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केल्याची पावती मागा. विकणाऱ्याच्या लायसन्सवरचा नंबर रिव्हॉल्व्हरवरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळल्याशिवाय इसार देऊ नका. नाशिक शहरातलं लायसन्स पोलीस आयुक्तालयाचं असतं, निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी अशा ग्रामीण भागातलं जिल्हाधिकारी कार्यालयाचं. त्यामुळे तुम्ही आणि विकणारा वेगवेगळ्या हद्दीतले असाल तर दोन्हीकडे चौकशी करून घ्या.

तपासणीला येताना तुमचं मूळ लायसन्स आणा. रिव्हॉल्व्हर मात्र ज्याच्या लायसन्सवर आहे त्यानेच आणावं, रिकामं करून आणि काडतुसं वेगळी ठेवून.